पुढील भाग दुकानात मागावा

मित्रांनो, मी एक जुना दाभण आहे, आणि ब्रह्मदेशातल्या इरावतीच्या काठावरच्या पखोक्कू गावाला वाचनाची गोडी लावण्यात सर्वांत मोठा वाटा माझा आहे. शाळेने आणि मठाने आपापल्या परीने प्रयत्न केले, ते मी नाकारत नाही. परंतु गावातल्या प्रत्येक लोकप्रिय पुस्तकाच्या पहिल्या पानापासून शेवटच्या पानापर्यंत गेलेला मी एकटाच. फक्त एक बारीकशी गोष्ट इथेच सांगून टाकतो. मला वाचता येत नाही. मी भोके पाडतो.

माझा जन्म एका मोडक्या सायकलच्या स्पोकपासून झाला. लोहाराने मला तापवले, ठोकले, एका टोकाला अणी काढली, अणीच्या मागे नेढे पाडले आणि दुसऱ्या टोकाला चिंचेच्या लाकडाची मूठ बसवली. पहिली काही वर्षे मी भुईमुगाच्या एका व्यापाऱ्याकडे पोती शिवत होतो. काम सरळ होते. पोत्याला प्रस्तावना नसते, आणि आत काय आहे याबद्दल कोणी परिसंवाद भरवत नाही. त्या वखारीतून मला एके दिवशी न्वे यी नावाच्या बाईंनी दोन दिवसांसाठी मागून नेले, ते कायमचेच. मागून नेलेली वस्तू वेळेवर परत करायची असते, या तत्त्वावर बाईंनी पुढे आयुष्यभर धंदा केला, हे विशेष.

बाईंनी घराच्या पुढच्या खोलीत पुस्तके भाड्याने देण्याचे दुकान काढले होते. अशी दुकाने तेव्हा आमच्याकडे चहाच्या दुकानांसारखी गल्लोगल्ली असत. पुस्तक विकत घेणे ही चैन होती. आमचे लोक पुस्तक एका दिवसाच्या बोलीने घरी नेत, जेवता जेवता वाचत आणि दुसऱ्या दिवशी रश्शाच्या डागासह परत आणून देत. यांगोनहून येणारे नवे पुस्तक अगदी कोवळे असे. कागद पातळ, कण्याला नुसता डिंक. ते तसेच दिले तर तिसऱ्या घरी त्याची पाने सुटत. म्हणून बाई पुस्तकावर वीट ठेवत, मला उभा धरत आणि माझ्या डोक्यावर हातोडी मारत. मग मेण लावलेला दोरा माझ्या नेढ्यातून पुस्तकाच्या या अंगाने त्या अंगाला जाई. वर जुन्या कॅलेंडरचे जाड पान आणि त्यावर प्लॅस्टिक. असे पुस्तक शंभर घरे फिरले तरी त्याचे पान हलत नसे.

ते नीट उघडतही नसे. मी बराच आतून शिवत असे, त्यामुळे पानाची कड शिवणीत जाई आणि ओळीतला एखादा शब्द कायमचा गडप होई. वाचक पुस्तकाला दोन्ही हातांनी फाकवून धरत, जिवंत खेकडा धरावा तसे, आणि गेलेला शब्द अंदाजाने लावत. पखोक्कूच्या माणसांची कल्पनाशक्ती दांडगी आहे असे बाहेरगावचे लोक म्हणतात. तिची मशागत कोणी केली, हे ते विचारत नाहीत.

काम नसले की बाई मला आपल्या अंबाड्यात खोचत. त्यामुळे दुकानात जे जे बोलले गेले ते मी वरून ऐकले आहे.

बाईंची खरी करामत कापण्यात होती. एखादी कादंबरी गाजली की एका प्रतीवर दहाजण टपून बसत. मग बाई ती कादंबरी करवतीच्या पात्याने मधोमध कापत, दोन्ही तुकडे माझ्याकडून वेगवेगळे शिवून घेत आणि एकाच वेळी दोन घरी देत. पूर्वार्ध एकीकडे, उत्तरार्ध दुसरीकडे. मधोमध म्हणालो, पण ते तितकेसे खरे नाही. कापण्याआधी बाई कादंबरी स्वतः वाचत. शेजारी चहाचा पेला असे. वाचता वाचता ज्या पानावर चहा प्यायचा राहून गार होई, त्या पानाला त्या दुमड घालत आणि तिथेच पाते चालवत. त्यामुळे पूर्वार्ध नेलेला माणूस दुसऱ्या दिवशी तोंड न धुता उत्तरार्ध न्यायला हजर होई. प्रत्येक पूर्वार्धाच्या शेवटच्या पानावर बाई निळ्या पेनाने लिहून ठेवत: पुढील भाग दुकानात मागावा.

हा क्रम न पाळणारी गावात एकच बाई होती, ती म्हणजे ए चो. ए चो कोपऱ्यावर मोहिंगा विकायची; तिच्याकडचा माशाचा रस्सा आणि शेवया खाल्ल्याशिवाय आमच्या गल्लीची सकाळ होत नसे. धंदा आवरून ती दुकानात येई तोवर पूर्वार्ध गेलेला असे.

"मग पुढचाच दे," ती म्हणे.

"अगं, आधीचं वाचलं नाहीस. कळणार काय तुला?"

"माझा नवरा मला तिशीत भेटला. त्याचं आधीचं मी कुठं वाचलं होतं? चाललंच की."

"पण ही माणसं कोण, कुठली, एकमेकांची कोण लागतात..."

"ते भांडणावरून कळतं. आण इकडे."

अशा रीतीने ए चोने वीसेक वर्षे नुसते उत्तरार्ध वाचले. तिच्या मते कादंबऱ्या पहिल्या पानावरच रंगात आलेल्या असतात आणि लेखक मंडळी उगाच सूर्योदयाची वर्णने करत बसत नाहीत. लेखकांबद्दल इतके चांगले मत मी दुसऱ्या कोणाकडून ऐकले नाही.

आमच्या गावचा स्वतःचा असा एक लेखक होता. ऊ तुन यिन त्यांचे नाव. बोटीच्या धक्क्यावर तिकिटे देण्यात त्यांची उभी नोकरी सरली. सगळे त्यांना सया म्हणत, म्हणजे गुरुजी. तिकीट देणाऱ्याला कोणी गुरुजी म्हणत नाही, पण त्यांनी एक कादंबरी लिहिली होती. एकच. धक्क्यावर रोज संध्याकाळी येऊन बसणाऱ्या एका बाईची. ती त्यांच्या थोरल्या बहिणीची हकीकत आहे, हे सगळ्या गावाला ठाऊक होते आणि सयांना ते ठाऊक नाही असे धरून सगळे त्यांच्याशी बोलत.

बहिणीचा नवरा उत्तरेला रत्नांच्या खाणीकडे गेला तो परतला नाही. तीन पावसाळे ती धक्क्यावर येऊन बसली. मग एके दिवशी उठली. धक्क्यालाच लागून तिने टपरी टाकली, दुधीची भजी तळायला घेतली, दोन मुले शिकवली, घराच्या जागेवरून दिराशी भांडली आणि जागा घेऊन दाखवली. शेवटच्या आजारात तिने भावाला सांगितले होते, "माझ्यावर लिहायचं तर खुशाल लिही. पण मी वाट बघत बसले असं तेवढं लिहू नकोस. ते लोक आपोआप धरून चालतात."

सयांनी शब्द पाळला. बहिणीचे बसणे त्यांनी पहिल्या निम्म्या पुस्तकात आटोपले आणि उठल्यानंतरचे आयुष्य उरलेल्या निम्म्यात लिहिले. दोहोंच्या मध्ये एक संध्याकाळ आहे. नदीच्या वळणावर बोटीचा दिवा दिसतो आणि ती छत्री उचलून उभी राहते. पान उलटले की ती टपरीत भजी तळते आहे. बोटीतून कोण उतरले हे सयांनी सांगितलेच नाही, कारण सांगण्यासारखे कोणी उतरले नव्हते.

बाईंचा चहा छत्रीपाशी गार झाला. तिथे कापली. मी दोन्ही तुकडे शिवले. धंद्याच्या दृष्टीने तो बाईंच्या हातचा सर्वांत उत्तम काप होता, हे मी आजही म्हणेन. कित्येक वर्षे ती कादंबरी गावभर फिरली. सया रोज दुकानात येऊन बिनसाखरेचा चहा घेत आणि आपले पुस्तक बाहेर आहे की फळीवर, हे फळीकडे न बघता बघत.

मग फोन आले. त्याआधी सिमकार्ड ही जमीन विकून घ्यायची वस्तू होती. एका मोसमात ते विड्याच्या पानाइतके स्वस्त झाले. आमच्या समोरच झेया नावाच्या तरुण गृहस्थाने दुकान थाटले. लोक आपला फोन त्याच्याकडे देत आणि तो गाणी, सिनेमे, पुस्तके भरून परत करी. नखाएवढ्या कार्डात आमच्या दुकानाच्या कितीतरी पट पुस्तके मावत, आणि ती परत आणून द्यायची नसत.

खरे ते सांगितले पाहिजे. नदीपलीकडच्या खेड्यांत पुस्तकाचे दुकान कधीच नव्हते. तिथल्या शिक्षिका झेयाकडून फोन भरून नेऊ लागल्या आणि अख्खा वर्ग एका फोनभोवती बसून गोष्टी वाचू लागला. ज्यांचे डोळे अधू झाले त्यांना दोन बोटांनी अक्षर ताणून भेंडीएवढे करता येऊ लागले. ओळीतला शब्दही गडप होईनासा झाला. माझ्या शिवणीत यातली एकही सोय नव्हती. हे मी मोकळ्या मनाने कबूल करतो. तसे करताना मूठ जराशी ढिली होते, इतकेच.

मात्र पुस्तक उद्या परत करायचे आहे, ही धास्ती गेली आणि तिच्याबरोबर ते आज संपवायची घाईही गेली. पूर्वी माणसे एक पुस्तक बगलेत मारून जात आणि रात्रीत फडशा पाडत. आता खिशात चारशे पुस्तके घेऊन फिरत आणि त्यांतले कुठले वाचावे हे ठरवण्यात संध्याकाळ घालवत. आमच्या फळ्यांवर पूर्वार्ध आणि उत्तरार्ध शेजारी शेजारी बसू लागले. इतक्या वर्षांत त्यांची एकमेकांशी गाठ पडली नव्हती.

एके दिवशी झेया आमच्याकडे आला. चपला त्याने गरज नसताना बाहेर काढल्या.

"मावशी, एक पुस्तक हवं होतं. मागायला बरं वाटत नाही. आधीच माझ्यामुळं तुमचं..."

"माझं जे व्हायचं ते झालंय. कुठलं हवंय?"

"सयांचं. यांगोनला गेलेली आपल्या गावची माणसं विचारतात. छापणारा छापखानाच बंद झाला. फोटो काढून फोनवर घालावं म्हणतो. सयांकडेसुद्धा प्रत नाही."

"त्यांची प्रत वाळवीनं वाचली," बाई म्हणाल्या. "पूर्वार्ध आहे माझ्याकडे, घेऊन जा. उत्तरार्ध ए चोनं नेलाय."

"परत?"

"तिसऱ्यांदा. त्यातली बाई भजी तळते ना, हिला धंद्यातलं कुतूहल. आला की सांगते तुला."

"हो मावशी. घाई नाही."

मित्रांनो, आमच्या लोकांची एक खोड इथे समजून घ्यायला हवी. तिला आना म्हणतात. समोरच्याला अवघडल्यासारखे होऊ नये म्हणून आपणच अवघडून बसायचे, म्हणजे आना. झेयाने पूर्वार्धाचे फोटो काढले, पण उत्तरार्धाची आठवण करायला तो आला नाही, कारण ज्या बाईंचे गिऱ्हाईक आपण पळवले त्यांच्या दारात पुन्हा कसे जावे. बाईंनी ए चोकडे पुस्तक मागितले नाही, कारण उरलेल्या चार गिऱ्हाइकांतली ती एक. ए चोमध्ये आना औषधालाही नव्हती, पण तिला कोणी काही विचारलेच नाही. अशा रीतीने सर्वांच्या सौजन्यामुळे काम अर्धे राहिले.

झेया कामाला मात्र चोख. त्याने प्रत्येक पान स्वच्छ केले. रश्शाचे डाग काढले, समासात वाचकांनी लिहिलेले शेरे काढले, शिवणीत गेलेले शब्द जुन्या वाचकांना विचारून भरले. शेवटच्या पानावर निळ्या पेनाची काहीतरी खरड होती, तीही काढली. मग उत्तरार्ध येईल तेव्हा येईल म्हणून हाती होते तेवढे पुस्तक त्याने वाचनाच्या एका ॲपवर चढवले. सयांचे नाव मोठ्या अक्षरांत घातले आणि खाली लिहिले: संपूर्ण. त्या ॲपवर पुस्तक चढवताना ते लिहावेच लागते, दुसरा पर्याय नसतो.

पुढे जे झाले ते आमच्या गावात कोणाच्याच बाबतीत झाले नव्हते. कादंबरी गाजली. यांगोनमध्ये गाजली, मंडालेत गाजली, परदेशी नोकरीला गेलेल्या पोरापोरींमध्ये तर फारच गाजली. जिकडे तिकडे त्या शेवटाची चर्चा. मुली फोनवर छत्री घेतलेल्या बाईचे चित्र लावू लागल्या. सयांना निरोप येऊ लागले. ते वाचून दाखवायला ते बाईंकडे येत.

"न्वे यी, पोरांना शेवट कळला गं. मला वाटलं होतं, आजकालच्यांना नाही कळायचा."

"काय म्हणतात?"

"म्हणतात, अशी खंबीर बाई आम्ही पाहिली नाही. शेवट वाचून झोप लागली नाही म्हणतात."

"तुमची बहीण खूश झाली असती, सया."

"मी सांगितलं होतं तिला. म्हटलं, बघ, लोकांना कळेल."

आणि ते दुसरा पेला मागत. एरवी ते एकच घेत. झेयाला उत्तरार्ध दुसरीकडून कुठून तरी मिळाला असणार असे बाईंनी धरले आणि विचारले नाही.

डिसेंबरात आमच्याकडे साहित्याच्या सभा होतात. रस्ता अडवून मांडव घालतात, चटया अंथरतात, आणि लेखक कर्ण्यावरून बोलतात. इतकी वर्षे बाहेरगावचे लेखक येत आणि सया खाली चटईवर बसत. त्या वर्षी कॉलेजातली सू मोन नावाची मुलगी कमिटीतर्फे त्यांना बोलवायला आली. सया कुठे सापडतात हे ठाऊक असल्याने ती दुकानातच आली.

"सया, तुमच्या शेवटच्या ओळीवरूनच आम्ही सभेचं नाव ठेवलंय."

"अरे वा. कुठली म्हणालीस?"

"'तिने छत्री उचलली आणि ती उभी राहिली.'"

सयांनी पेला खाली ठेवला. "ती शेवटची ओळ?"

"म्हणजे तसं म्हटलं तर ती संपतच नाही, सया. ती अजून उभीच आहे. जन्मभर वाट बघते. माझी आजी वाचून रडली. म्हणाली, हल्लीच्या बायकांना असं जमायचं नाही."

आता सांगायला हरकत नव्हती. पण समोर मुलगी होती, तिच्या हातात निमंत्रण होते आणि तिची आजी रडली होती. सया हसले. आजीला नमस्कार सांगायला सांगितले आणि मुलगी गेल्यावर बाईंकडे वळले.

"न्वे यी."

"सया."

"माझी कादंबरी तू कुठं कापली होतीस?"

बाईंनी हातातले काम थांबवले. "छत्रीपाशी."

"का?"

"चहा गार झाला होता, सया."

सयांनी मान डोलावली. लेखक म्हणून त्यांना ते पटले असावे. "तिनं एकच गोष्ट सांगितली होती मला," ते म्हणाले. "एकच. आणि आता ती इथपासून यांगोनपर्यंत वाट बघत उभी आहे. माझ्या नावानं."

बाई उठल्या आणि सरळ ए चोकडे गेल्या. उत्तरार्ध तिच्या गल्ल्याखाली होता. तो घेऊन आम्ही सयांसह समोर झेयाकडे गेलो. झेया सयांना बघून पांढरा पडला, कारण सगळी चूक त्याची एकट्याची आहे असे त्याने लगेच ठरवले. तसे नाही हे पटवण्यात थोडा वेळ गेला.

उत्तरार्ध माझ्याकडून दोनदा शिवून झालेला होता. फोटो काढण्याइतका तो उघडेना. तेव्हा बाईंनी मला अंबाड्यातून काढले आणि माझ्या अणीने टाके एकेक करून उसवायला घेतले. मित्रांनो, आयुष्यभर मी टाके घातले. उसवण्याचे काम मला त्या दिवशी पहिल्यांदा मिळाले. सुटी पाने झेयाच्या टेबलावर पडली तेव्हा प्रत्येक ओळीतला गडप झालेला शब्द बाहेर आला. बाईंनी ते काही शब्द वाचून पाहिले. इतकी वर्षे त्यांनी लावलेले अंदाज बहुतेक चुकीचे निघाले.

दुसरा भाग ॲपवर चढला. आठवडाभराने सया अभिप्राय ऐकायला झेयाच्या दुकानात जाऊन बसले. बाई बरोबर होत्या, म्हणून मीही.

"वाच," सया म्हणाले.

"राहू द्या ना, सया."

"वाच रे बाबा. मी तिकीट खिडकीत तीस वर्षं बसलोय. ऐकून घ्यायची सवय आहे."

झेयाने फोन उघडला. "एकजण म्हणतो, मूळ कलाकृतीला कोणीतरी शेपूट जोडलं. एकजण म्हणतो, हे लेखकानं लिहिलेलं वाटत नाही, भाषा वेगळी आहे."

"भजी तळताना भाषा वेगळी असते. पुढं."

"एक बाई म्हणतात, इतकी थोर स्त्री दिराशी जागेवरून भांडेल, हे मनाला पटत नाही."

"दिराला पटलं होतं," सया म्हणाले.

सभेच्या संध्याकाळी रस्ता भरून गेला. बाई घाईघाईत निघाल्या आणि मी अंबाड्यातच राहिलो, त्यामुळे मला जागा चांगली मिळाली. मांडवात मागे पडदा, पडद्यावर छत्री घेतलेली बाई, तिची पाठ लोकांकडे, तोंड नदीकडे. त्या चित्रासमोर सया उभे राहिले. एरवी त्यांचे बोलणे अघळपघळ असे. त्या दिवशी त्यांनी बहिणीचे नाव घेतले, जे पुस्तकात कुठे नाही. ती कशी उठली ते सांगितले. टपरीसाठी तिने बांबू कोणाकडून उधार आणले, पहिल्या दिवशी भजी कशी करपली आणि ती कोणी खाल्ली, सगळे सांगितले. "ती वाट बघत बसली नाही," ते म्हणाले. "एवढंच सांगायला मी पुस्तक लिहिलं."

लोक शांत होते. आदराने शांत होते. नको असलेली गोष्ट थोर माणूस सांगू लागला की आमच्याकडे असेच शांत होतात. मग सू मोन उठली, दोन्ही हात जोडून.

"सया, तुमचा मान राखून विचारते. लेखकाला स्वतःच्या लेखनातलं सगळंच उमगतं असं नाही, असं आम्हाला शिकवतात. आमच्या वाचनात ती वाट बघते. तेच आम्हाला आपलं वाटतं. ते तुम्ही आमच्याकडेच राहू द्याल का?"

टाळ्या पडल्या. सयांनी खिशातले भाषणाचे कागद चाचपले. इतक्या गोड शब्दांत मागितलेली वस्तू नाकारायची कशी, हे त्यांना सुचेना. मी वरून पाहत होतो. बहिणीची गोष्ट त्या क्षणी त्यांच्या हातून सुटत होती.

"ए पोरी," चटयांच्या मागच्या रांगेतून आवाज आला. "कोण वाट बघतंय?"

ती ए चो होती. तिच्या गालावरचा थनाखाचा लेप घामाने ओघळला होता आणि ती उभी राहिली नव्हती, कारण गुडघे दुखत होते.

"मावशी, नायिका. पुस्तकातली."

"कुठली? भजीवाली? तिला कुठला आलाय वेळ? चारदा वाचलंय मी. पहिल्याच पानावर तिचं तेल तापलेलं असतं. नवऱ्याचं नाव अख्ख्या पुस्तकात एकदा येतं, तेही दिराचा उद्धार करताना."

लोक हसले. सू मोन सावरून म्हणाली, "पण मावशी, त्याच्या आधी ती धक्क्यावर..."

"आधीचं मी वाचलं नाही. तिचा नवरा होता, गेला, एवढं कळतं. तिला कळलं, मला कळलं. तुम्ही एवढी शिकलेली माणसं, तुम्ही का अडून बसलाय?"

पुन्हा हशा झाला, पण यावेळी तो जरा उशिरा थांबला. सू मोनही हसली आणि खाली बसली. सया ए चोकडे बघत होते. सबंध गावात एकच वाचक असा होता ज्याने त्यांच्या बहिणीला बसलेले कधी पाहिलेच नव्हते.

"तिला एवढंच हवं होतं," सया कर्ण्यात म्हणाले आणि खुर्चीवर जाऊन बसले. भाषणाचे तीन कागद त्यांच्या खिशातच राहिले. मग सभेत सगळ्यांनी फोन काढले. झेया ओट्यावर उभा राहून दुसरा भाग कुठे सापडेल ते ओरडून सांगत होता आणि मांडवभर काचा उजळत होत्या. मी शिवलेले एकही पुस्तक एका वेळी इतक्या हातांत गेले नव्हते. मला मत्सर वाटायला हवा होता. वाटला नाही, खरे तर छान दिसत होते ते.

आता माझे दिवस भरत आले आहेत. बाईंचे हात थरथरतात, हातोडी त्यांनी देऊन टाकली. दुकानाच्या अर्ध्या भागात झेयाने फोनची कव्हरे ठेवली आहेत. उरलेल्या फळीवर थोडी पुस्तके आहेत, आणि ती मागायला अधूनमधून कोणी येते, तेव्हा बाई पेला बाजूला ठेवून उठतात. उत्तरार्धाची सुटी पाने पुन्हा शिवली गेली नाहीत. त्यांना रबर लावून ठेवले आहे. माझ्या अणीवर गंज आहे आणि मुठीला चीर गेली आहे.

म्हणून मित्रांनो, एका जुन्या दाभणाचे एवढेच मागणे आहे. पुस्तक कागदाचे असो की काचेवरचे, त्याला जपा. त्याच्यावर रस्सा सांडलात तरी चालेल, पण ते मधेच संपल्यासारखे वाटले तर ज्याच्याकडून आणले त्याला जाऊन विचारा, "एवढंच आहे का?" विचारायला संकोच करू नका. पुष्कळदा पुढचा भाग जवळच, कोणाच्या तरी गल्ल्याखाली पडलेला असतो, आणि तो पोहोचावा म्हणून एखादा माणूस मनातून फार धडपडत असतो.

सभेच्या रात्री दुसरा भाग हजारो लोकांनी आपापल्या फोनवर उतरवून घेतला. त्या ॲपवर कोण कुठल्या पानापर्यंत आला तेही दिसते. झेयाने परवा ते बघून सांगितले: बहुतेक सगळे पहिल्या पानावर आहेत.